दापोलीला निघालेल्या मुलीला पत्र

हर्णे, ता. दापोली
श्रावण

प्रिय मुली,



वर तुझं नाव लिहिलेलं नाही. हे पत्र छापून येणार आहे. तुझ्यासारख्या इतर मुलांच्या हाती ते पडावं अशी माझी इच्छा आहे आणि तूही त्याला हो म्हणालीस. पण आपलं नाव-गाव कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे ठरवायचा हक्क तुझा. तुझा प्रश्नही त्या हक्काचाच होता.

गेल्या आठवड्यात इंग्रजीचा धडा संपला. वही पिशवीत घालता घालता तू विचारलंस, "बाई, पुढच्या वर्षी दापोलीला कॉलेजात गेल्यावर मी हर्णेची एवढंच सांगितलं तर चालेल ना? नेपाळचं नाही सांगितलं तर?" विचार करून सांगते, असं मी तेव्हा म्हटलं. आता सांगते. सगळं नीट सांगता यावं म्हणून लिहूनच काढलं.

आधी थेट उत्तर. चालेल. त्यात खोटं काहीच नाही. तू बोलायला शिकलीस ती इथे, लिहायला शिकलीस ती इथल्या शाळेत. बंदरावरच्या लिलावात बोली कुठे थांबणार हे तुला माझ्याआधी कळतं. तू हर्णेची आहेस. कुणी जास्तीचं विचारलं, तरी प्रत्येक विचारणाऱ्याला नेपाळातल्या कैलालीपर्यंतचा प्रवास ऐकवायला तू बांधलेली नाहीस.

पण तुझ्या प्रश्नामागे एक दुसरा प्रश्न आहे, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. कुणी अजून काही बोललेलं नसताना, दापोलीच्या कॉलेजात तू अजून पाऊलही ठेवलेलं नसताना, तुला आत्तापासून काय लपवायचं याची तयारी का करावी लागते?

तू मला वेळोवेळी सांगितलेल्या गोष्टी मी विसरलेली नाही. पाचवीत एका मुलाची कंपासपेटी हरवली. कुणीही तुझं नाव घेतलं नाही, पण सगळ्या वर्गाच्या माना तुझ्या बाकाकडे वळल्या. पेटी नंतर त्याच्याच घरी सापडली. ती सापडल्याचं मात्र वर्गात कुणी सांगितलं नाही. एकदा शाळेत कुणीतरी मोठ्या माणसाने दारातून विचारलं, "बहादूरची मुलगी कोण?" तुझ्या बाबांचं नाव बहादूर नाही. तरी तू उभी राहिलीस, कारण विचारणं तुझ्याबद्दलच आहे हे तुला कळलं होतं.

या झाल्या घडलेल्या गोष्टी. पण न घडलेल्याही आहेत. मागच्या बाकावर दोघी कुजबुजल्या की तुला वाटतं, माझ्याबद्दलच बोलतायत. सातवीत वक्तृत्वाला तुझं नाव होतं आणि ऐन दिवशी तुझं पोट दुखायला लागलं. पुढे तूच मला खरं कारण सांगितलंस. स्टेजवर पूर्ण नाव आणि गाव पुकारतात. तुझ्या भाषणाला कुणी हसलं नव्हतं. भाषण झालंच नव्हतं.

अशा वेळी मोठी माणसं म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस." त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या बोलण्याने मूल आणखी एकटं पडतं. आधी लोकांच्या नजरेचा त्रास होता. आता स्वतःच्या मनावरही विश्वास ठेवायचा नाही, असं ठरतं. म्हणून मी तुला आधी हे सांगते, की तुला जे जाणवतं ते जाणवायला कारण आहे. कंपासपेटीच्या दिवशी वळलेल्या माना तू कल्पनेत पाहिल्या नव्हत्यास. एकदा असं झालं की मन पुढच्या वेळची वाट बघत बसतं. ते मनाचं दुबळेपण नव्हे. भाजलेलं माणूस चुलीत सांभाळूनच हात घालतं.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1963 साली माणसावर बसणाऱ्या अशा डागावर एक पुस्तक लिहिलं. त्याने दोन प्रकारची माणसं वेगळी केली. काहींचा डाग समोरच्याला दिसतोच, त्यांना लोकांच्या वागण्याला तोंड द्यावं लागतं. काहींचा लगेच दिसत नाही, त्यांना दिवसरात्र माहितीला तोंड द्यावं लागतं. कुणाला कळलंय, कुणाला कळू द्यायचं, कुणापुढे काय बोलायचं. हर्णेत तू पहिल्या प्रकारात आहेस, इथे सगळे तुला ओळखतात. दापोलीत तू दुसऱ्या प्रकारात जाशील. तो मार्ग सोपा वाटतो, पण त्याचंही मोल द्यावं लागतं.

हे मला कळतं, कारण लहानपणी मी स्वतः परगावची मुलगी होते. माझे वडील लालबागला गिरणीत होते. हर्णेच्या बंदरातून होडीने बोटीपर्यंत जायचं आणि बोटीने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, असा तो काळ. मी तशीच उतरले आणि चाळीजवळच्या शाळेत जाऊ लागले. माझे एक काका गिरगावात एका घरी कामाला होते. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला सरसकट 'रामा' म्हणत, त्याचं नाव काही का असेना. सिनेमा-नाटकांत तो हसवायला असे. वर्गातल्या एका मुलीला काकांचं कळलं, आणि मी 'रामाची पुतणी' झाले. माझ्या हेलाची नक्कल व्हायची. थोड्या दिवसांत ती मुलं कंटाळून दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागली. पण माझ्या कानातलं हसू थांबलं नाही. बाई प्रश्न विचारत, मला उत्तर येत असे, आणि तोंड उघडण्याआधी मी ते मनात मुंबईच्या हेलात म्हणून बघत असे. तेवढ्यात दुसरं कुणी उत्तर देऊन बसलेलं असे. प्रगतिपुस्तकात शेरा यायचा, 'वर्गात लक्ष नसते.' लक्ष होतं. त्यातलं निम्मं दुसरीकडे गुंतलेलं होतं.

बंदरावर वाढलेल्या तुला हे पटकन समजेल. होडीला बारीकशी गळती असेल तर ती बुडत नाही, पण एक माणूस सारखा पाणी उपसत बसतो आणि जाळं ओढायला एक जोडी हात कमी पडतात. लोक म्हणतात, या होडीला मासळी कमी मिळते, तांडेल कच्चा असणार. आत उपसत बसलेला माणूस काठावरून कुणाला दिसत नाही.

हा माझा एकटीचा अनुभव नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. तथाकथित वरच्या जातींतले 321 मुलगे आणि खालच्या मानलेल्या जातींतले 321. त्यांना कागदावर छापलेली भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यांचे पैसे मिळणार होते. जात कुणालाच सांगितली नव्हती तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच होती, पेन्सिली त्याच होत्या. खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची सुटलेली कोडी चांगलीच घटली. कुणी त्यांना टोचून बोललं नव्हतं. इथे आपल्याला काय समजतात, याची आठवण तेवढी करून दिली होती. तू वक्तृत्वाच्या दिवशी ज्या पुकाऱ्याला घाबरलीस, तो हाच पुकारा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅरोला आणि मार्सेलो सुआरेझ-ओरोझ्को या जोडप्याने 1997 पासून काही वर्षं चीन, हैती, मेक्सिको, मध्य अमेरिका आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेल्या सुमारे चारशे मुलांचा पाठपुरावा केला. त्या मुलांना एक अपुरं वाक्य पूर्ण करायला दिलं होतं. 'बहुतेक अमेरिकी लोकांना वाटतं की आमच्या देशाची माणसं ... आहेत.' बहुसंख्य मुलांनी त्या रिकाम्या जागेत वाईटच शब्द भरले. आळशी, गुन्हेगार, कामाची नाहीत, नुसतंच 'वाईट'. कॅरोलाबाईंचं म्हणणं असं, की भोवतालची माणसं मुलासमोर आरसा धरतात. घरचा आरसा कितीही चांगला असला, तरी शाळेचा, रस्त्याचा, दुकानाचा आरसा सारखाच वाकडा चेहरा दाखवत राहिला, तर मुलाला आपला चेहरा तसाच आहे असं वाटू लागतं. मग कुणी खचून गप्प होतं, कुणी चिडून भांडखोर होतं, कुणी आपल्याच माणसांपासून दूर पळतं. ज्यांना घराबाहेर एखादं तरी आपलं माणूस मिळतं, एखादी शिक्षिका, एखादी शेजारीण, ती मुलं बहुधा तग धरतात.

आता आपल्या मुलखातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ घराणं इथलंच, आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचं. त्यांचे वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंबाला घेऊन दापोलीत राहायला आले आणि पुढे ते सगळे साताऱ्याला गेले. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या घरातलंच ते मूल. 1901 च्या सुमारास वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. सुट्टीत वडिलांना भेटायला नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं अशी चौघं निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिलाच आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कुणीच नाही. वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करायला आला. चांगले कपडे पाहून त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटली होती. कोण तुम्ही, असं त्याने विचारलं आणि मुलाने काही विचार न करता, आम्ही महार, असं सांगून टाकलं. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी ठरलं, की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बरोबर चालत येणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं होतं. गाडीवानाच्या सांगण्यावरून त्या मुलाने उर्दूत बोलत, आम्ही मुसलमान, असं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाही. डबा बरोबर असून चौघं उपाशी झोपली.

ही हकिगत बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहिली. तुझं दुःख आणि त्यांचं दुःख एक नाही, हे मला ठाऊक आहे. अस्पृश्यतेचा जुलूम शतकांचा होता आणि त्याच्याशी तुलना करायला मी ही गोष्ट सांगत नाही. मी ती सांगते त्या मुलासाठी, ज्याने संध्याकाळी खरं सांगितलं आणि रात्री लपवलं. नऊ वर्षांच्या मुलाने तहानेपोटी जात लपवली, यात त्याची काहीही चूक नाही. चूक त्यांची, ज्यांच्यामुळे ते करावं लागलं. आणि त्याच मुलाने पुढे जाणता झाल्यावर, स्वतःच्या शब्दांत, स्वतः निवडलेल्या वेळी ते लिहून काढलं. उद्या दापोलीत एखाद्या क्षणी तू गप्प राहिलीस, तर रात्री स्वतःला कोसत बसू नकोस. सांगायची वेळ तुझ्या हातात राहतेच.

आता हर्णेबद्दल थोडं बोलते, कारण ओझं फक्त तुझ्या डोक्यावर देऊन मी मोकळी होणार नाही.

आपलं गाव, खरं म्हणजे सगळा जिल्हाच, बाहेर गेलेल्या माणसांच्या पैशावर जगला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत मुंबईत बाहेरून आलेल्या माणसांमध्ये सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. गिरण्या, गोदी, घरगडी, सगळीकडे आपली माणसं. आपल्या मोहल्ल्यांतली माणसं आखातात गेली, त्याआधी आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत गेली. घरोघरी मनिऑर्डरीची वाट बघत आमच्या आया-आज्यांनी दिवस काढले. आता त्याच किनाऱ्यावर बोटींवर चढायला माणूस पुरेनासा झाला, आणि तुझ्या बाबांसारखे खलाशी आले. आंब्याच्या बागांत राखणीला गुरखे आले. मासेमारीबंदीचे जून-जुलै सरले, 1 ऑगस्टला दर्या खुला झाला, आणि खलाशी वेळेवर आले नाहीत, तर किती नाखव्यांच्या बोटी नांगरावर उभ्या राहतात हे बंदरात सगळ्यांना माहीत आहे. तुझे बाबा इथे चोरून आलेले नाहीत. भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी करार झाला. त्यानुसार दोन्ही देशांची माणसं एकमेकांकडे राहू शकतात, काम करू शकतात. ज्यांच्या मुलांना मुंबईने 'रामा' म्हणून हिणवलं, त्यांच्या गावात कुणा मुलीला बहादूरची म्हणून हाक मारली जाते, हे आम्हा हर्णेकरांना शोभत नाही. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही, माझ्या गावाने वाचावं म्हणून लिहिते.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या ध्यानात आणून द्यायची आहे. बंदी लागली की तुमची घरं गावी जातात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि तू दरवर्षी ऑगस्टमध्ये यायचीस. तोवर बाकं ठरलेली, जोड्या जमलेल्या, गणिताचे पहिले धडे झालेले. तुला शेवटचं रिकामं बाक मिळायचं आणि पहिल्या चाचणीत गुण कमी पडायचे. मग कुणीतरी म्हणायचं, ही मुलं अभ्यासात कच्चीच. यात मुलं कच्ची कुठे आहेत? दर्याचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक जुळत नाही, एवढंच. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या मुलांचं हेच, वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांचं हेच. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत शिकणं तुटू नये म्हणून शिक्षण हमी पत्रक आलं. सोयी हव्यातच. पण उशिरा आलेल्या मुलाला वर्गात शिरताच कुणी तरी सरकून जागा देणं, ही सोय कुठल्याही सरकारी परिपत्रकाने होत नाही. या वर्षी दहावी म्हणून तू गावी गेली नाहीस आणि पाजपंढरीच्या एका मावशीने दोन महिने तुला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पहिल्या चाचणीचे तुझे गुण बघ, आणि जून-जुलैत तू किती हसलीस तेही आठव. मुलगी तीच होती.

आता तुला काय करता येईल ते सांगते.

लोकांच्या नजरेचा अर्थ एकटीने लावू नकोस. या पत्रातलं दुसरं काही विसरलीस तरी चालेल, एवढं लक्षात ठेव. मनाला लागलं की एका कागदावर डाव्या बाजूला काय घडलं ते लिही, फक्त डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं. उजव्या बाजूला तुला काय वाटलं ते लिही. मग तो कागद एखाद्या विश्वासाच्या माणसाला दाखव. 'दोघी कुजबुजल्या' डावीकडे जाईल, 'माझ्याबद्दल' उजवीकडे. 'सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं' मात्र डावीकडेच राहील. कधी कळेल, की कुणाच्या मनात काहीच नव्हतं, आणि ओझं उतरेल. कधी कळेल, की अपमान खरोखर झाला. तेव्हा निदान तो सोसायला आणि त्यावर काही करायला तुझ्याबरोबर दुसरं माणूस असेल. दोन्ही बाजूंनी तुझा फायदाच आहे. एकटीने विचार केलास तर दरवेळी उत्तर एकच येईल, आणि ते तुझ्याविरुद्ध असेल.

पहिले काही महिने दापोलीत परकं वाटेल. ते फक्त तुलाच वाटेल असं समजू नकोस. बुरोंडीची, केळशीची, मंडणगडच्या वाड्यांतली मुलं तिथे अशीच बावरलेली असतील. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला आपण इथले नाही असं बहुतेकांना वाटतं, आणि ते हळूहळू सरतं, एवढाच त्यांचा मथितार्थ. काळ्या विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याचा चांगला परिणाम पुढची तीन वर्षं दिसला. कारण एखाद्या दिवशी कुणी बोललं नाही, तर तो आपण परके असल्याचा पुरावा न मानता, नव्या जागेचा एक वाईट दिवस मानायला ती मुलं शिकली असणार. तूही तसं करून बघ.

सगळ्यांना सांगू नकोस, पण एकीला सांग. जिच्याशी डबा वाटून खाशील अशी कुणीतरी भेटेलच. तिला एखाद्या दिवशी सहज सांगून टाक. पूर्ण लपवायचं ठरवलंस, तर बाबांचा फोन आला की वर्गाबाहेर पळावं लागेल, आई भेटायला आली की ती कुणाची कोण हे रचून सांगावं लागेल. त्या रचण्यात तुझी जी शक्ती जाईल, ती अकाउंट्सच्या पेपरात लागणार आहे. आणि आपल्याच माणसांना टाळता टाळता त्यांचीच लाज वाटू लागते, हे मी पाहिलेलं आहे. घरची बोली सोडू नकोस. आजीशी तिच्या भाषेत बोलता येणारी मुलगी मराठीत कमी पडत नाही. तुझे मराठीचे गुण माझ्यासमोर आहेत.

आणि जिथे अपमान खरा असेल, तिथे समजून घेण्याची जबाबदारी तुझ्यावर नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. तो आठवीपर्यंतच्या, चौदा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे, तुझ्या धाकट्या भावाला तो आत्ता लागू आहे. त्यात मुलाला मारण्याला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. उद्या त्याला कुणी वर्गात हिणवलं, तर तू, तुझी आई आणि मी मुख्याध्यापकांकडे जाऊ. कॉलेजात तुझ्याबाबतीत असं झालं, तर प्राचार्यांकडे जाऊ. तक्रार करणं म्हणजे भांडखोरपणा नव्हे.

फॉर्मवर मात्र नेहमी खरं तेच लिहायचं. गप्पांमध्ये किती सांगायचं हा तुझा प्रश्न आहे, पण सरकारी कागदावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात जे आहे ते स्वच्छ लिही. नाहीतर पुढे प्रत्येक दाखल्याच्या वेळी तेच भय मागे लागेल. जूनमध्ये फॉर्म भरायला मी बरोबर बसेन.

शेवटची गोष्ट तुझ्या आईबद्दल. कोळंबी सोलून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात. शाळेत यायचं असलं की ती हात लिंबाने पुन्हा पुन्हा धुते, आणि तरीही फाटकाबाहेर उभी राहून तुलाच आत पाठवते. तिलाही तेच वाटतं, जे तुला वाटतं. कोळंबीचा वास या गावात कुणाच्या हाताला नाही? दहावीच्या पालकसभेचा दिवस ठरला की मला कळव. मी तिला घ्यायला येईन. आम्ही दोघी आत येऊ, पुढच्या रांगेत बसू, आणि तुझ्या गणिताबद्दल जे काही विचारायचं आहे ते तीच विचारेल. मराठीत अडली तर मी आहे. तू फक्त तिला आदल्या दिवशी सांगून ठेव, की बाईंनी बोलावलंय, नाही म्हणायचं नाही.

अभ्यास सांभाळ. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
बाई